लिंबाजीमामांचं तुणतुणं

मागच्या महिन्यात गारखेड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गोंधळ झाला. पुतण्याचं लग्न, नवी सून घरात आलेली, म्हणजे देवीचा गोंधळ आलाच... रात्री उशिरा आवाज नको म्हणून सोसायटीने तिन्हीसांजेलाच सुरू करायला सांगितलं होतं.

आमच्याकडे पहिल्यापासून करमाडकडच्या एकाच घरातले गोंधळी येतात. आता दोघे भाऊच उरलेत. धाकटे किसनमामा संबळ वाजवत गातात. थोरले लिंबाजीमामा तुणतुणं धरतात आणि भावाची ओळ संपली की मागून तीच उचलतात.

माझ्या लग्नानंतरच्या गोंधळालाही हेच दोघे होते... तेव्हा लिंबाजीमामांच्या मिशा काळ्याभोर होत्या.

तुणतुणं म्हणजे तसं काहीच नाही. एक लाकडी डबा, तळाला कातडं, बाजूला काठी आणि एकच तार. पण गाणारा त्या तारेचा सूर धरूनच चालतो.

त्या दिवशी तारेची खुंटी किसनमामांनी पिळली. थोरल्यांचे हात थकले असतील, असं मला वाटलं. लिंबाजीमामांनी तुणतुणं हातात घेतलं, काठी गालाच्या हाडाला टेकवली आणि डोळे मिटले... मला वाटलं, नमस्कार करताहेत.

चहा देताना मी मागून दोनदा विचारलं, "मामा, साखर चालते ना?" उत्तर नाही. खरं सांगायचं तर जरा लागलंच मला.

मग ते वळले, मला पाहिलं आणि वॉचमन दचकेल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "वैनी! लेकरं बरी हायत नव्हं?"

"अरे लिंबाजी, वाजवतोस तुणतुणं अन् बोलतोस संबळासारखा!" सासूबाई म्हणाल्या. सगळे हसले. लिंबाजीमामाही हसले... जरा उशिरा.

गोंधळ सुरू झाला. किसनमामा गावोगावच्या देवांना एकेक करून बोलावत होते आणि लिंबाजीमामा प्रत्येक बोलावणं मागून पुरं करत होते. त्यांची नजर भावाच्या तोंडावरून हलत नव्हती.

दिवटी पेटवून पुतण्याच्या हातात दिली, तेवढ्यात त्याचा एक मित्र ओरडला, "लाइट बंद करा रे! दिवटीवर रील भारी येईल." कुणीतरी पार्किंगच्या सगळ्या ट्यूब बंद केल्या.

आणि लिंबाजीमामा चुकले.

किसनमामांची ओळ अर्ध्यात असताना त्यांनी मागची उचलली. मग त्यांची पाळी आली तेव्हा गप्प राहिले... बोट तारेवर पडतच होतं, पण मान पुढे काढून ते अंधारात काहीतरी शोधत होते.

"म्हातारबा लावून आलेत वाटतं," मागून कुणीतरी बोललं आणि हसू पसरलं. सासूबाईंचा चेहरा मात्र उतरला. देवीचं बोलावणं अर्धवट राहिलं तर नव्या संसाराला बरं नाही, असं त्या मानतात.

किसनमामांनी संबळ थांबवला. काड्या कमरेला खोचल्या, पुतण्याच्या हातातली दिवटी घेतली आणि स्वतःच्या तोंडाजवळ धरली. इतक्या जवळ, की त्यांच्या मिशा पेटतील अशी मला भीती वाटली. ते एकेक शब्द सावकाश, ओठ पुरते उघडून म्हणू लागले.

लिंबाजीमामांना ओठ दिसले... आणि ते परत जागेवर आले. संबळ नाही, टाळ नाही, नुसती ती एक तार आणि दोन म्हाताऱ्यांचे आवाज. हाही विधीचाच भाग असेल असं समजून लोकांनी हात जोडले.

मला मात्र चहा आठवला. मागून विचारलेली साखर आठवली.

जेवणानंतर किसनमामा नळावर हात धूत होते. मी एवढंच विचारलं, "कधीपासून?"

"दोन-तीन सालं झाली, वैनी. गोंधळावर पोट कुठं भरतंय आता? लगीनसराईत दादा डीजेच्या गाडीवर जातो. स्पीकरचे डब्बे चढवायचे, वरात संपंस्तोर त्याच्याच शेजारी बसायचं. गेले कान. तार हाडाला लागती म्हनतो, पन सूर नाय कळत." मग खाली बघत म्हणाले, "तुमच्या ह्या पुतन्याच्या वरातीत बी व्हता की."

त्या गाडीपुढे मी नाचले होते. आवाज एवढा होता की छातीत धडधडत होतं... गाडीवर कोण बसलंय, हे मी वर पाहिलंसुद्धा नव्हतं.

"कुनाला बोलू नका," ते म्हणाले. "घरोघर कळलं तर म्हनतील, मोबाईलवर सूर लावा, भैऱ्याला कशाला आनता. अन् तुणतुणं सुटलं तर दादा बसंल जागेवर... लई भ्या वाटतंय मला त्याचं."

मी कुणालाही बोलले नाही. माझ्या बोलण्याची गरजच पडली नाही.

परवा किसनमामांचा फोन आला. नातवाने ती रील लिंबाजीमामांना दाखवली होती, कौतुकानेच. त्यांनी ती पुन्हा पुन्हा बघितली. ऐकू काहीच येत नव्हतं, पण दिसत सगळं होतं... भावाचे ओठ हलताहेत आणि मध्येच आपलंही तोंड उघडतंय. भाऊ थांबलाय आणि आपलं तोंड बंद आहे. मागे माणसं हसताहेत.

त्यांनी तुणतुण्याची तार काढली, गुंडाळून किसनमामांच्या हातात दिली. "आपल्यापायी देवीचा खोळंबा नको," एवढंच म्हणाले. तेव्हापासून ओट्यावर बसून असतात, कुणाशी बोलत नाहीत. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही, म्हणून लिहितेय. तरी नावं आणि गाव बदललंय.

माझा संसार सुरू झाला तेव्हा ज्या आवाजांनी देवांना बोलावलं, त्यातला एक त्यांचा होता. त्याबद्दल मी त्यांना कधी काही म्हटलं नाही... आता म्हटलं तर ते फक्त माझ्या ओठांकडे बघतील.

काल रात्री मीही ती रील उघडली. पोरांनी तिच्यावर सिनेमातलं गाणं चढवलंय. लिंबाजीमामांचं बोट तारेवर पडतं, तार हलते... आवाज नाही.

मी फोनचा आवाज वाढवून पाहिला. ते गाणंच तेवढं मोठं झालं.