बारा किलोपर्यंत

कोकरू घरात आलं तेव्हा दोन किलो सहाशे ग्रॅम होतं. हा आकडा बरोबर आहे. पुढचे बरेचसे चुकले, आणि ते मी चुकवले.

माझी बायको माण तालुक्यातली. तिचा भाऊ मेंढरं राखतो. दिवाळीनंतर कळप घेऊन तो पश्चिमेकडं निघतो आणि पावसाच्या तोंडावर माघारी फिरतो. फेब्रुवारीत त्याचा कळप आमच्या शिरवळच्या बाहेर, ऊस तुटलेल्या रानात बसला होता. मी, बायको आणि आमची नऊ वर्षांची मुलगी भाकरी-कालवण घेऊन त्याला भेटायला गेलो. तिथं एका मेंढीला जुळं झालेलं आणि दूध एकापुरतंच. दुसऱ्या दिवशी कळप पुढं हलणार होता.

"दाजी, ह्ये वाटंत टिकायचं न्हाई," मेव्हण्यानं त्यातलं बारकं कोकरू माझ्या हातात दिलं. "अक्काला समदं म्हाईत हाय. चालण्याजोगं झालं की फोन करा, न्यायला येतो."

"चालण्याजोगं म्हणजे किती?"

"आता किती म्हंजी... चालण्याजोगं."

"किलोत सांग."

तो हसला. "बारा धरा."

"मामा, नंतर विकणार का त्याला?" मुलीनं विचारलं.

"मादी हाय गं ती. कळपात ऱ्हाणार."

मी कारखान्यात मालाची मापं तपासतो. सकाळी पहिलं काम म्हणजे मापाची सगळी साधनं शून्यावर आहेत का ते पाहणं. घरीही तसंच सुरू केलं. वजनकाट्यावर कोकरू एक सेकंदही उभं राहत नव्हतं. म्हणून आधी मी एकटा उभा राहिलो, अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार. मग कोकरू उचलून उभा राहिलो, एक्क्याऐंशी पूर्णांक शून्य. वजाबाकी वहीत लिहिली. माझं वजन पहिल्या पानावर वर, चौकटीत. दर रविवारी सकाळी हेच करायचं ठरलं. काट्यावर भरवसा नको म्हणून आधी त्यावर पाच किलोची गव्हाच्या पिठाची बंद पिशवी ठेवून खात्री करायची.

"पीठ पाचच किलो भरलं का?" बायको आतून दर रविवारी विचारायची. मला वाटायचं, तिलाही गोडी लागली.

दूध किती ऊन झालंय ते मी तापमापकानं बघायचो. ती बोट बुडवून बघायची. दोघांचं उत्तर एकच यायचं, तिचं आधी.

मुलीला मी एकच अट घातली होती. नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की मग सोडवत नाही. तिनं अट पाळली. ती कोकराला "अहो" म्हणायला लागली. "अहो, दूध घ्या." "अहो, तिकडं नका जाऊ." माझी बायको मलाही तशीच हाक मारते, त्यामुळं पहिले काही दिवस मी दोन-तीनदा उगाच स्वयंपाकघरात जाऊन आलो.

त्या कोकरानं काय काय खाल्लं त्याची यादी माझ्याकडं आहे. परिसर अभ्यासाच्या वहीची सात पानं. कुंडीतला मोगरा, दोनदा. माझ्या चपलेचा अंगठा. पहाटे साडेपाचला ते ओरडायला लागायचं आणि अंगणात लेंड्या कुठं नाहीत हे शोधणं सोपं जायचं. पण चारी पाय एकदम उचलून ते जागच्या जागी उडी मारायचं तेव्हा आम्ही तिघंही हातातलं काम सोडून बघत बसायचो. मुलगी अभ्यासाला बसली की ते तिच्या पावलावर हनुवटी टेकून झोपायचं. आणि नऊ वर्षं जिला दूध पाजताना आमचा घाम निघाला, ती आता कोकराशी शर्यत लावून पेला संपवत होती. अडीचशे मिली, चाळीस सेकंदांत. कोकरू तरी जिंकायचंच.

तीन आठवड्यांत ते पाच किलो तीनशेवर गेलं. आठवड्याला नऊशे ग्रॅम. मी हिशेब मांडला, आल्यापासून साडेदहा आठवड्यांत बारा. मुलीनं कॅलेंडर बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे माझी परीक्षा संपली की लगेच?"

"साधारण."

"सुट्टीत एक दिवस पण नाही?"

शब्द दिला होता, आणि तिच्यासमोरच दिला होता. तेव्हापासून दर रविवारी ती डोळे मिटून दारात उभी राहायची. "पप्पा, किती?"

आणि खरोखरच वाढ मंदावली. नऊशेवरून सहाशे, मग साडेपाचशे. मुलगी टाळ्या वाजवायची, मी काळजीत. अंगण पुरेना म्हणून चौथ्या आठवड्यापासून मी रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर त्याला दोरी बांधून कालव्याच्या कडेनं फिरवत होतो; भूक कमी पडत असेल म्हणून आता अंतर वाढवलं. आधी दोन किलोमीटर. आकडा हलेना, म्हणून तीन. मग चार. कोकरू पुढं धावायचं, मी मागून ओढला जायचो. पुढं पुढं दोरीही लागेना, ते माझ्या पावलात पाऊल घालून मागं मागं यायचं. आकडा मात्र रडतखडतच. मी जेवढं जास्त चालवत होतो, तेवढी वाढ कमी दिसत होती.

"तुमची पँट ढिली झालीय," बायको म्हणाली.

"धुऊन धुऊन सैल पडलीय," मी म्हणालो आणि पट्ट्याला नवीन भोक पाडलं.

परीक्षा संपली. वहीत नऊ किलो काहीतरी. मे महिनाभर मुलगी आणि कोकरू दिवसभर एकत्र होती. आंब्याच्या साली दोघांत वाटून व्हायच्या, म्हणजे आंबा तिला, साल त्याला. चौदाव्या रविवारी आकडा होता अकरा पूर्णांक चार. त्याच दुपारी मेव्हणा दारात. कळप माघारी निघाला होता आणि पलीकडच्या रानात उतरला होता.

त्यानं एक हात कोकराच्या छातीखाली घातला, एक मागं, आणि उचललं.

"आवं दाजी! ह्ये सोळाच्या आसपास हाय की!"

"अकरा पूर्णांक चार. आज सकाळी मोजलंय. वही आहे माझ्याकडं."

"मी वही न्हाई उचलली, कोकरू उचललंय. बारा कवाच गेलं ह्याचं."

मी काटा आणला. पिठाची पिशवी ठेवली, पाच किलो. कोकरू घेऊन उभा राहिलो, एकोणनव्वद पूर्णांक आठ. "वजा अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार," मी त्याला समजावू लागलो.

मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही एकटे उभे राहा बरं."

कोकरू खाली ठेवलं. काट्यावर आलं चौऱ्याहत्तर पूर्णांक दोन.

मेव्हणा ओट्यावर बसला आणि गुडघ्यावर हात मारून मारून हसायला लागला. "लय भारी! कोकरू वाढलं, दाजी वाळलं!"

मी बायकोकडं बघितलं. "तुला माहीत होतं?"

"रोज उचलत होते की त्याला. हाताला कळतं."

"मग बोलली का नाहीस?"

"पीठ बरोबर आहे का एवढं विचारत होते की दर रविवारी." तिनं मुलीकडं बघितलं. "आणि बोलले असते, तर हिची सुट्टी कोकराशिवाय गेली असती."

चार किलो दोनशेची चूक, अकरा आठवडे चाललेली. पिठाला तपासलं, काट्याला तपासलं, स्वतःला नाही. माझी मधली वजनं कुठंच लिहिलेली नसल्यामुळं जुने आकडे दुरुस्तही करता येत नव्हते. मी वहीत खाली लिहिलं, "पहिले तीन आठवडे सोडून वरील नोंदी चूक. कारण: मी." मुलीनं वही ओढून घेतली. मला वाटलं, रडेल. तिनं बोटांवर मोजलं.

"म्हणजे जवळजवळ चार आठवडे जास्तीचे मिळाले मला. अख्खी सुट्टी." आणि माझ्या नोंदीखाली पेन्सिलनं लिहिलं, "तरी चालेल." मग म्हणाली, "आता बारा झालेत, तर द्यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रानात गेलो. मुलीनं दोरी सोडली, कोकराच्या कपाळावर कपाळ टेकवलं आणि बाजूला झाली. कळप हलला. कोकरू मात्र माझ्या पायाशी.

"जा की," मी म्हणालो. ते माझ्या चपलेचा वास घेत राहिलं.

मेव्हणा ओरडला, "दाजी, तुमीच चाला म्होरं! तुमच्या मागनं येतंय त्ये!"

मग काय, निघालो. पुढं मी, माझ्यामागं कोकरू, त्याच्यामागं अडीचशे मेंढरं. रस्त्यावरचा एक दुधवाला मोटारसायकल थांबवून बघत होता. मागून मुलीचं हसणं ऐकू येत होतं, थांबतच नव्हतं. सहाशे पावलांवर बाभळीखाली हिरवा पाला पडला होता. कोकरानं तोंड घातलं, दोन मेंढ्यांनी घातलं, आणि मी हळूच बांधावर चढलो. त्यानं मान वर केली, इकडंतिकडं बघितलं. मग शेजारच्या कोकराला एक ढुशी दिली आणि नेहमीसारखी चारी पाय एकदम उचलून उडी मारत पुढं गेलं.

मुलगी धावत माझ्याजवळ आली. डोळे ओले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

"पप्पा, संध्याकाळी कालव्यावर जायचं ना?"

"आता कशाला? कोकरू कुठंय?"

"मी आहे की," ती म्हणाली. "आणि घरी आल्यावर तुम्हाला काट्यावर उभं करायचंय. यावेळी मी लिहिणार."