कोंड्यातला पाला

मी अजून शिकतोय. झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे अनुभव म्हणून काही लिहायचं तर हात आखडतो. थोडं आगाऊपणाचं वाटलं तर माफ करा. पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

परळला एक्झॉटिक पेट्सचं क्लिनिक आहे. तिथे मी पार्टटाइम असिस्टंट आहे. गिरगावचे सप्रेकाका त्यांचा लेपर्ड गेको घेऊन आले होते. गेको म्हणजे पालीच्या कुळातला, ठिपक्यांचा प्राणी. नाव लाडू. त्याच्या तोंडात जखम होती. औषधाने ती भरली, पण लाडू काही खाईना. हे प्राणी शेपटीत चरबी साठवतात. लाडूची शेपटी काडीसारखी झाली होती.

"भरवून किती दिवस जगवणार?" डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "त्याने स्वतः पकडून खाल्लं पाहिजे. आणि मऊ पाहिजे."

मऊ म्हणजे रेशमाच्या अळ्या. त्या कुरियरने मागवल्या, तर उकाड्याने वाटेतच मेल्या. क्लिनिकमध्ये होते मीलवर्म. हे पिवळसर किडे स्वस्त आणि सोपे, पण त्यांची साल कडक. लाडू तोंडात धरायचा आणि टाकून द्यायचा.

मी भीत भीत बोललो, "मॅडम, मीलवर्म कात टाकतो तेव्हा काही तास पांढरा आणि अगदी मऊ असतो. तेवढेच वेचून दिले तर? मी घरी वाढवतो."

"लालबागच्या चाळीत? आई तुला किड्यांसकट बाहेर काढेल."

आईने काढलं नाही, पण बोलली. "लोक घरातले किडे बाहेर टाकतात. आमचा शिकलेला मुलगा बाहेरचे घरात आणतो."

कॉटखाली पसरट ट्रे ठेवला. त्यात पिठाच्या गिरणीतून आणलेला गव्हाचा कोंडा. तोच त्यांचा बिछाना आणि तेच जेवण. पाण्यासाठी गाजराच्या चकत्या, कारण वाटीत पाणी ठेवलं तर बुडून मरतात. मी सारखा वाकून बघायचो. एका सकाळी कोंड्यात दुधासारखा पांढरा किडा दिसला. आनंदाने माझं डोकं कॉटला आपटलं.

त्याला गाजर खाऊ घातलं, कॅल्शियमच्या पावडरीत घोळवला आणि गिरगावला नेला. लाडूने वास घेतला. जीभ लावली. पण खाल्ला नाही.

"जीभ लावली रे," काका हळूच म्हणाले. "हल्ली तर बघूनच तोंड फिरवत होता. अजून आण."

आणि नेमकं तेव्हाच बिनसलं. किडे खायचे थांबले. कोंडा सोडून ट्रेच्या कडेला चढायला लागले. कातच टाकेनात. काही मेले. मी गाजर बदललं, ट्रे हलवला, काही उपयोग नाही. शेवटी मॅडमना फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"तो पाला कसला आहे?"

"कुठला पाला?"

"अरे, कोंड्यात. चांगला ढीग आहे."

मी पाहिलं. वाळलेला कडुनिंबाचा पाला होता. आमच्याकडे तांदळाच्या, गव्हाच्या, डाळीच्या प्रत्येक डब्यात तो असतो. लहानपणापासून इतका पाहिलाय, की ट्रेमध्ये असूनही मला दिसलाच नव्हता.

"आई, हा तू टाकलास?"

"मग? कोंडा उघडा पडलेला. पाला नाही टाकला तर त्यात किडे होतील ना."

बोलून झाल्यावर ती थांबली. माझ्याकडे बघितलं, ट्रेकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. फोनवर मॅडमही हसत होत्या. मग त्यांनी समजावलं, की कडुनिंबाने किड्याची भूक जाते आणि कात टाकणं अडतं. म्हणजे आम्हाला जे हवं होतं, नेमकं तेच पाल्याने थांबवलं होतं.

जगलेले किडे आईनेच नव्या कोंड्यात निवडून टाकले. तांदूळ निवडते तसे, सुपात घेऊन. "हा मेला, हा आहे," असं पुटपुटत. काही दिवसांनी तिनेच हाक मारली, "ये रे, पांढरे झालेत."

डबीत भरून मी ते काकांकडे पोचवले. माझं प्रॅक्टिकल होतं, फोन बंद ठेवावा लागणार होता. म्हणून काकांना आईचा नंबर दिला. प्रॅक्टिकलमध्ये माझं लक्ष किती होतं ते विचारू नका.

मी शिकलो ते एवढंच: घरात काही वाढवायचं असेल तर ते कशासाठी, हे घरच्यांना आधी नीट सांगावं. नाहीतर ते मायेनेच मारतात.

संध्याकाळी जिना चढलो. आई गॅलरीत उभी होती, हातात फोन.

"गिरगावची पाल जेवली," ती म्हणाली. "दोन खाल्ले. तिसऱ्यासाठी डबीकडे बघत बसलीय म्हणे."