दंडावरचे निळे डाग

सासूबाईंच्या दंडावर निळे डाग उठले आणि घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. दिवाळीला मुंबईहून नणंद आली. तिने आईचा पदर बाजूला सारला आणि विचारलं, "वहिनी, हे काय?"

"मला काय ठाऊक? आपोआप उठतात."

"आपोआप?"

नवरा मान खाली घालून जेवत राहिला. सासूबाईही गप्प. असा संताप आला मला!

मग मलाही संशय यायला लागला. हृदयात स्टेंट बसवल्यापासून सासूबाईंना रक्त पातळ करायची गोळी होती, ती मीच द्यायचे. ती जुनी, डाग नवे. म्हणजे पोटात आणखी काहीतरी जात होतं. त्या अंघोळीला गेल्यावर मी त्यांची पानाची चंची उघडली. सुपारीखाली गोळ्यांची पट्टी होती, नावाची बाजू कात्रीने कापलेली.

पट्टीसकट त्यांना पोलादपूरहून महाडला नेलं. उरलेल्या अक्षरांवरून डॉक्टरांनी गोळी ओळखली. मन खचलेल्या माणसाला देतात, झोपही येते.

"माणूस घाबरला की अंगात अ‍ॅड्रिनॅलिन सुटतं," ते म्हणाले. "रक्तातल्या प्लेटलेट्सवर त्याची ठरलेली जागा असते. तिथे ते बसलं की प्लेटलेट्स एकमेकींना चिकटायला आणि रक्त थांबायला मदत होते. ही गोळी एसटीत रुमाल टाकावा तशी ती जागा अडवते. त्यात रक्त पातळ करायची गोळी चालूच. जरा धक्का लागला तरी डाग पडू शकतो. ही बंद करा."

स्टँडवर मी विचारलं, "कोणी दिली?"

"तुझ्या नणंदेनं, गणपतीत. पावसात दरड येईल म्हणून डोंगराकडं कान लावून पडायची मी, झोप नाय यायची. तिला लागू पडली, म्हणून मला दिली."

मुंबईहून येणारे बिस्किटांबरोबर गोळ्याही आणतात, आणि आमच्याकडे इथल्या डॉक्टरपेक्षा त्या गोळीवर भरवसा जास्त.

"मग ती मला बोलली, तेव्हा गप्प का बसलात?"

"तिच्या सासरी कळलं तर पोरीला वेडी म्हणतील गो. कुठं बोलू नको. तू काय, घरातलीच हायस."

मी बोलले नाही. नवऱ्यालाही नाही.

शिमग्याला नणंद आली. आल्या आल्या तिने आईचा पदर सारला. दंड स्वच्छ होते.

"आता बरी वागतेस वाटतं," ती मला हसत म्हणाली.

सासूबाई सुपारी कातरत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.