पाचवी चिठ्ठी

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत, जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी मला दाखवायला एक खण उघडला. आत दगडात उमटलेला बोटभर मासा होता, काटा न् काटा मोजता येईल असा. त्याचं अख्खं कुळ केव्हाच नामशेष झालंय. दगडाखाली चार चिठ्ठ्या, प्रत्येकीवर वेगळ्या कुळाचं नाव. नवा जीवाश्म सापडला की याचं कुळ बदलतं, पण जुनी चिठ्ठी कुणी फेकत नाही.

"चौथी माझी," बाई म्हणाल्या. "वीस वर्षं छातीठोकपणे सांगत होते. चुकलंच माझं."

एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघायला किती वर्षं लागतात, ते घरच्यांना विचारा. बाईंनी पाचवी चिठ्ठी लिहून वर ठेवली.

"ही तरी बरोबर?"

"आजपुरती," म्हणत त्यांनी पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं.