भोंगेवाल्या काकांचे हात

कापूस बुडाला की आमच्या वस्तीत सगळे हळू बोलायचे. आई वेचणीला जायची आणि बाबा जिनिंगमध्ये गाठोडी उचलायचे, म्हणजे दोघांचंही पोट दुसऱ्याच्या कापसावर. त्या वर्षांत बोंडं झाडावरच सडली. वेचणी नाही, जिनिंगही अर्धा दिवस बंद. दाराशी कुणी आलं की आई रिकामी भांडी वाजवायची, स्वयंपाक चालू आहे असं वाटावं म्हणून. अशा घरात मोठ्यानं बोलणारा माणूस एकच यायचा. भोंगेवाले काका.

ते बाबांचे चुलतभाऊ. दोन भोंगे, एक माईक, एक अॅम्प्लिफायर आणि एक जुनी मोपेड, एवढ्यावर त्यांनी आर्णीच्या आजूबाजूची लग्नं, जयंत्या, नामकरणं पार पाडली. घरात बोलतानाही ते समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायचे, जणू मागं शेवटच्या ओळीत बाया बसल्या आहेत. आईनं चहा दिला की म्हणायचे, "वहिनी, साखर कमी हाय. मागं आवाज येऊन राह्यला ना?" आई त्या दिवसांतही हसायची.

आमच्या वस्तीत पदवी घेणारी मी पहिली. हे मी फुशारकीनं सांगत नाही, पण लपवतही नाही. काकांनी मात्र ते माईकवरून सांगायला सुरुवात केली. कुणाच्या लग्नात नवरीचं नाव सांगून झालं की लगेच, "आन् आमची पोट्टी बी.एस्सी. झाली, पहिल्या वर्गात!" मांडवातले लोक वळून माझ्याकडे बघायचे आणि मला जमीन दुभंगावी असं व्हायचं.

"काका, माझा सेकंड क्लास आहे," मी एकदा सांगितलं.

"माईकवर सेकंड बरं नाही वाटत बापा," ते म्हणाले.

पुढं आर्णीच्या एका संस्थेत मला काम मिळालं. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर घेऊन गावोगाव जायचं, कापसावरच्या अळ्यांची चित्रं दाखवायची, इंटरनेटवरून हवामान आणि बाजारभाव सांगायचे. इंटरनेटसाठी लॅपटॉपच्या बाजूला बोटाएवढं डोंगल लावावं लागे. कार्यक्रम नीट झाले तरच कायम करू, असं साहेबांनी आधीच सांगितलं होतं. बाबांचं काम तेव्हा पूर्ण सुटलेलं, म्हणजे घरात येणारा पैसा तेवढाच. भोंगे अर्थातच काकांचे.

पहिल्याच गावात सरपंचांचं भाषण लांबलं. बॅटरी वाचावी म्हणून मी झाकण बंद करून लॅपटॉप झोपवला. माझी पाळी आली तेव्हा झाकण उघडलं, पडद्यावर नुसता निळा रंग आणि पांढरी अक्षरं. सगळं बंद. मी बटणं दाबत राहिले. पुढच्या ओळीतला एक म्हातारा म्हणाला, "सायबीनबाई, कापसासारखंच झालं तुमचं. वरून हिरवंगार, आत काही नाही."

लोक हसले. आणि काकांनी माईक उचलला. "उठू नका! पोट्टी बी.एस्सी. हाय, पहिल्या वर्गात! आत्ता उठवते मशीनले!"

ते वाक्य दोन्ही भोंग्यांतून शिवारात गेलं. मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत बाया लुगडी झटकून घरी निघाल्या होत्या. मला मशीनपेक्षा काकांचीच जास्त लाज वाटली.

दुसऱ्या गावातही तेच. मी लॅपटॉप यवतमाळला नेला. दुकानदारानं मेमरी काढून पुसून बसवली, बॅटरी तपासली, झाकण लावलं, उघडलं. प्रत्येक वेळी मशीन मुकाट्यानं उठलं. "ताई, चांगलं तर आहे. तुम्हाला चालवता येतं ना?" त्यानं सहज विचारलं. एसटीत मी तोंड खिडकीकडं करून बसले. घरी लावून बघितलं, घरीही उठायचं. फक्त गावात, लोकांसमोर, मरायचं. साहेब म्हणाले, "आणखी एकदा असं झालं तर मशीन जमा करा आणि तुम्हीही थांबा."

काकांची एक सवय मी लहानपणापासून बघत आले होते. कुठलंही यंत्र गप्प झालं की आधी त्याची पिन काढून शर्टाच्या खिशात टाकायची. कधीतरी एका लग्नात वीज पडून त्यांचं पहिलं मशीन जळालं होतं. तेव्हापासून ते सांगायचे, "बंद सेटाले पिन ठेवू नये. उंदीर, वीज आन् पोट्टे, कोणाचाच भरवसा नाही." त्यांचा खिसा कायम फुगलेला असायचा. आमच्याकडचा टेबलफॅन बंद दिसला तरी त्याची पिन खिशात जायची आणि मग आई त्यांच्या मागं धावायची.

एका दुपारी मी घरी लॅपटॉप झोपवून पाणी प्यायला आत गेले. काका चहाला आले होते. परत येताना दारातून दिसलं, त्यांनी लॅपटॉपकडं बघितलं, डोंगल हळूच उपटलं, रुमालानं पुसलं आणि खिशात टाकलं. मी झाकण उचलायला गेले तर खिशातून काढून परत लावूनही दिलं. पडदा निळा.

गावातही हेच होत होतं. मी प्रोजेक्टरच्या वायरीत गुंतलेली असायचे आणि काका आपलं काम करायचे. डोळ्यांसमोरची गोष्ट, पण मला दिसली नव्हती. मी पुन्हा करून बघितलं. डोंगल जागेवर राहिलं तर मशीन उठतं, झोपेत काढलं तर मरतं.

मला फिरवून बोलता येत नाही. "काका, हे तुमच्या हातानं होत होतं," मी सांगितलं.

ते माझ्याकडे बघत राहिले, डोक्यावरून नाही, थेट. "म्हंजे तुह्या नोकरीवर म्याच पाय देऊन राह्यलो होतो?"

"तुम्हाला काय माहीत, काका."

"नाई नाई. मले माहीत पायजे होतं. एवढे वर्स मशीनच हाताळून राह्यलो मी." चहा तसाच टाकून ते गेले. आईनं हाक मारली तरी थांबले नाहीत.

त्यानंतर मी शोधून काढलं की खरी खोट डोंगलच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होती. झोपेत कुणी डोंगल काढलं तरी मशीननं मरायला नको. मी नवीन सॉफ्टवेअर टाकलं, पुन्हा पुन्हा काढून-लावून बघितलं आणि काकांकडे सांगायला गेले. "तुमची चूक नव्हती. आता खुशाल काढा."

"राहू द्या मॅडम," ते म्हणाले.

मॅडम. ज्या माणसानं मला उघडी-नागडी अंगणात खेळताना पाहिलं, तो मला तुम्ही म्हणत होता.

पुढचा कार्यक्रम फुलसावंगीला. साहेब पहिल्या ओळीत. काका टेबलापासून लांब, दोन्ही हात मागं बांधून उभे, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. खिसा रिकामा. सरपंचांचं भाषण सुरू झालं, मी झाकण लावलं आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "काका, डोंगल काढा."

"नको."

"काढा. नोकरी माझी आहे, मी सांगते."

त्यांनी हात शर्टाला पुसले. काढलं, खिशात टाकलं. भाषण संपल्यावर त्यांनीच लावलं आणि मी झाकण उघडलं. बोंडअळीचं चित्र पडद्यावर जसंच्या तसं आलं.

मग त्यांनी माईक उचलला. मी वाट बघत होते. पोट्टी, बी.एस्सी., पहिला वर्ग, काय वाटेल ते बोला. ते म्हणाले, "आता मॅडम माहिती देतील." आणि माईक माझ्या हातात दिला.

पुन्हा त्यांनी माझं नाव भोंग्यावरून कधी घेतलं नाही. डीजे आले, त्यांचे भोंगे माळ्यावर गेले, आणि एका उन्हाळ्यात काकाही गेले. त्यांची मयत निघाली तेव्हा वस्ती गप्प होती. मागपर्यंत आवाज जाईल असं बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

फुलसावंगीनंतर त्या हंगामात लॅपटॉप पुन्हा एकदाही बंद पडला नव्हता. मी कायम झाले. सेकंड क्लासवर.