आदर्श जर्नलातला बुडबुडा

आमच्या प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुखांचा मला आजही राग येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी मुळीच इच्छा नाही.

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. विभागाच्या कपाटात खाकी कव्हर घातलेलं एक 'आदर्श जर्नल' असायचं, कधीकाळी पहिल्या आलेल्या कुणा मुलाचं. प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोप मांडायचे, स्लाइड लावायची, आणि मग रांगेने ते जर्नल घेऊन त्यातली आकृती आपल्या वहीत उतरवायची, ही आमची पद्धत. मायक्रोस्कोपात डोकावणं म्हणजे देवळात शिरताना घंटा वाजवण्यापुरतं. जर्नलावर या विभागप्रमुख सरांची सही नसेल तर परीक्षेला बसू देत नसत, त्यामुळे सगळे मुकाट्याने उतरवत.

त्यात माशाच्या खवल्यातल्या रंगपेशीची आकृती होती. मधोमध जाड काळ्या कडेचं एक वाटोळं, आणि त्याला नाव दिलेलं 'केंद्रक'. तो चक्क हवेचा बुडबुडा होता, वरची काच नीट न ठेवल्याने आत राहिलेला. त्या हुशार मुलाने तो इमानाने काढला, सरांनी त्यावर सही ठोकली, आणि पुढच्या प्रत्येक वर्गाने तो केंद्रक म्हणून पुजला.

मला ते कळलं, कारण मासे आमच्या घरचे. आई मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी विकायची. सरांना ते ठाऊक होतं. मी टेबलाजवळ गेले की ते नाकाला रुमाल लावत. रंगपेशीतले कण हलतात असं पुस्तकात होतं, पण प्रॅक्टिकलला ते फॉर्मलिनमधला मेलेला मासा देत, त्याच्या खवल्यात काय हलणार कपाळ! मी आईकडून खाडीतली जिवंत काळुंदर घेतली आणि बादलीत घालून कॉलेजात नेली.

तिच्या ताज्या खवल्यावर पोटॅशियमचं द्रावण टाकलं, आणि रंगपेशीतले काळे कण कडेकडून मध्याकडे निघाले. वाट फुटेल तसे नव्हे, सरळ ओळींनी. जाड काळ्या कडेचं ते वाटोळं मात्र एकाही पेशीत नव्हतं. पुस्तक सांगत होतं की हे कण सूक्ष्मनलिकांवरून चालतात. त्या नलिका आमच्या मायक्रोस्कोपात दिसणं शक्य नव्हतं, पण वाट दिसत होती. वनस्पतिशास्त्राच्या एका मैत्रिणीने कोल्चिसिन दिलं, नलिका मोडणारं औषध. दुसरं खवलं त्यात भिजवून पाहिलं तर कण जागच्या जागी घुटमळत राहिले.

मला छळत होतं ते वेगळंच. पेशीच्या कडेला, पटलाच्या अगदी लगत, या नलिकांना धरून कोण ठेवतं? काही प्रथिनं नलिकांना चिकटतात, त्यांना एकमेकींशी बांधतात, इतपत पुस्तकात होतं. पटलापाशी कोणतं प्रथिन हे काम करतं, यावर पुस्तक गप्प होतं.

घरी आईला हे सगळं सांगितलं. ती कालवं फोडत बसली होती. तिने हात थांबवला.

"जालं आपलं आपन ताठ ऱ्हातं काय गो? कडंला खुट मारलेला असतो. तुज्या त्या पेशीत खुट कोन मारतो?"

चौथीत शाळा सोडलेल्या बाईने माझा प्रश्न माझ्यापेक्षा नीट विचारला होता.

मी जर्नलात जे पाहिलं तेच काढलं. खाली लिहिलं, 'कडेला नलिकांना बांधणारे प्रथिन कोणते, हे कळले नाही.' सरांनी पानभर लाल रेघ मारली आणि केंद्रक कुठे गेलं म्हणून विचारलं. तो बुडबुडा आहे, मी म्हटलं. ते सावकाश रुमाल काढून म्हणाले, मासळीची एवढी हौस असेल तर बंदरावर जाऊन बैस.

"आणि परीक्षेला येत नाही ते विचारायचं नाही," ते म्हणाले. उद्यापर्यंत पान बदललं नाही तर सही मिळणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी ते पान फाडलं. कंपास घेऊन नवीन पानावर सुबक बुडबुडा काढला, नाव घातलं 'केंद्रक'. सरांनी न बघताच सही केली.

परीक्षेला कोल्हापूरहून एक वयस्कर परीक्षक आले होते. त्यांनी माझं जर्नल चाळलं आणि त्या वाटोळ्यावर बोट ठेवलं.

"हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

आवाजात दरारा नव्हता. त्यांना कळलं होतं. ते मला वाट करून देत होते. मागे खिडकीशी सर उभे होते. माझ्या तोंडात 'बुडबुडा' हा शब्द तयार होता.

"हो सर. केंद्रक."

 मग गुण मांडून त्यांनी पान उलटलं, आणि पुढे मला काहीच विचारलं नाही.

मी पहिल्या वर्गात पास झाले. आईने शेजारीपाजारी पेढे वाटले. संध्याकाळी मासळीची टोपली घासता घासता तिने विचारलं, "आनि त्या खुटाचं काय झालं गो? कोन मारतो, गावला काय?"

"परीक्षेला येत नाही ते," मी म्हटलं.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा तिने मला कधी काही विचारलं नाही.