ठरावातला लाभ

"कॉन्व्हेंटची पोरगी हाये ना थे, तिलेच द्या वाचाले," मागून कोणीतरी म्हणालं.

आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात. माझ्या अकोल्यातल्या शाळेच्या खाली हार्डवेअरचं दुकान होतं, तरी ती कॉन्व्हेंटच. सुट्टीत मी तेल्हाऱ्याजवळच्या गावी आत्याकडे आले होते आणि तिच्यासोबत ग्रामसभेला बसले होते. सचिवांनी कागद माझ्या हातात दिला.

सभेची सुरुवात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांना श्रद्धांजली वाहण्याच्या ठरावाने झाली होती. त्या वर्षांत तो प्रत्येक सभेत असायचा. सगळे उभे राहिले, मीही राहिले. सगळे बसले, मीही बसले. काही वाटलं नाही.

आत्या आली होती ती डीपीसाठी. गावाला वीज देणारी डीपी जळून महिना होत आला होता आणि तेव्हापासून तिची पिठाची चक्की बंद होती. बायका दळण घेऊन शेजारच्या गावी जाऊ लागल्या होत्या. "एकदा सवय पडली का वापस येत नाईत," एवढंच ती म्हणायची.

कागद वरून आलेला होता, इंग्रजीत. मी तो मराठीत सांगितला, हळू आवाजात : ऊर्जेच्या कार्यक्षम वापराचे लाभ ही ग्रामसभा मान्य करीत आहे. 'बेनिफिट्स'साठी दुसरा शब्द मला सुचला नाही.

"लाभ कोणाकोणाले?" एका म्हाताऱ्याने लगेच विचारलं. "यादी लागली का?"

"वीज वाचवाचा ठराव हाये, आबाजी," सरपंच म्हणाले.

"बाप्पा! महिना झाला, गावानं एक युनिट नाई खाल्लं. मंग पह्यला नंबर आपलाच!"

लोक हसले. मीही हसले असेन.

"सूचक मी," सरपंच म्हणाले. "अनुमोदक बाई पाह्यजे. वहिनी, तुमी करा सही."

आत्याने पदर सारखा केला. तिचा चेहरा इतका मोकळा झालेला मी त्या सुट्टीत पाहिला नव्हता.

"महिनाभर वाचवली ना आपण," ती माझ्या कानाशी म्हणाली, "म्हून डीपीचा लाभ भेटला. नवी देतीन का दुरुस्त करून, माय? लिवलं असन त्यात."

पेन तिच्या हातात आलं होतं. सचिवांनी सहीच्या जागेवर बोट ठेवलं होतं. सरपंच खिडकीबाहेर बघत होते. मी आतापर्यंत वाचलं होतं, बोलले नव्हते. त्या गावात चारचौघांत मी कधीच बोलले नव्हते.

"नाही आत्या," मी म्हणाले, मागच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "यात डीपी नाही. यात कोणालाच काही मिळत नाही. वीज वाचवणं चांगलं असतं, एवढंच आपण म्हणतोय."